पिटो ट्यूब मास्टवर बसवताना : डाव्या पंखाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार (२ तास)

आम्ही स्वतः बांधत असलेल्या छोट्या विमानाच्या पिटोच्या कामाला आज हात घातला. पिटो म्हणजे समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून विमानाचा वेग काढायची नळी. मास्ट, म्हणजे पंखाच्या खाली उतरणारा तो चपटा पोकळ पाय ज्याच्या टोकाला ट्यूब बसते, तो नोव्हेंबरातच रिव्हेट करून ठेवलाय. मेन स्पारच्या, म्हणजे पंखाच्या मुख्य कण्याच्या, लगेच मागे, पंखाच्या बाहेरच्या अर्ध्या भागात. आतून १.६ मिमी जाडीची डबलर प्लेट दिलीय कारण पंखाचा पत्रा तिथे फक्त ०.६ मिमीचा आहे आणि नुसत्या पत्र्यावर मास्ट लटकवला तर कुणी चुकून खांदा लावला तरी पत्रा वाकेल. जागा निवडताना दोनच गोष्टी बघितल्या होत्या, प्रोपेलरच्या मागे फिरत येणाऱ्या हवेपासून लांब आणि पंखाच्या पृष्ठभागाला चिकटून जाणाऱ्या मंद हवेच्या थरापासून खाली.

ट्यूब खोक्यातून बाहेर काढली तेव्हा हातात थोडा वेळ तशीच धरून बसलो. इतकी साधी वस्तू आहे ही. आंरी पितो नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं १७३२ मध्ये सेन नदीत वाकवलेली काचेची नळी धरली, तोंड प्रवाहाकडे, आणि नळीत पाणी किती चढतं त्यावरून प्रवाहाचा वेग काढला. आज आपण तेच करतोय, पाण्याऐवजी हवा आणि काचेऐवजी अल्युमिनियम एवढाच फरक. आमच्या ट्यूबला दोन भोकं आहेत, एक सरळ समोर, ते पिटोचं, आणि एक टोकाच्या खालच्या उतारावर, ते अँगल ऑफ अटॅकचं, म्हणजे पंख समोरच्या हवेला किती कोनात भिडतोय ते मोजायचं. आत हीटर आहे. मागून दोन बारीक नळ्या आणि दोन वायरी बाहेर येतात.

आता मुख्य गोष्ट. मास्टच्या सॉकेटला चार भोकं तयार आहेत, दोन डावीकडे दोन उजवीकडे, सगळी काउंटरसिंक केलेली, म्हणजे स्क्रूचं डोकं आत बसावं म्हणून तोंडाशी उतरती रुंद केलेली. ट्यूबला मात्र भोकं नाहीत. ती आपणच पाडायची, आटे पण आपणच पाडायचे. म्हणजे चार छोटे स्क्रू, पण या सगळ्या कामाचा जीव तिथेच आहे, कारण ट्यूब एकच आहे आणि चुकीचं भोक बुजवता येत नाही.

कोरडं फिटिंग करून बघितलं तर ट्यूब सॉकेटमध्ये अर्धी गेली आणि अडकली. ठोकायचा मोह होतो अशा वेळी, ठोकलं नाही. सॉकेटच्या आत मार्करनं काळं करून ट्यूब पुन्हा फिरवत घातली तेव्हा कळलं की आतल्या कडेला एक उंचवटा आहे आणि शिवाय मास्टला प्रायमर मारताना आत थोडा ओघळ गेलेला. अर्धगोल कानशीनं अगदी हलक्या हातानं उंचवटा काढला, ओघळ पोलिश पेपरनं. ट्यूबला कानस लावली नाही आणि लावायचीही नाही. चौथ्या-पाचव्या वेळेला ट्यूब अंगठ्याच्या दाबानं आत गेली, जागेवर बसल्याचं बोटाला कळलं, डुगडुगत नाही. आजचं एवढंच.

५ जानेवारी, रविवार (दीड तास)

ट्यूब सरळ आहे का ते बघायचं काम. पंख स्टँडवर आडवा घेतला, लेव्हल केला, रूट रिबवरच्या, म्हणजे पंखाच्या मुळाशी असलेल्या बरगडीवरच्या, भोकांवरून विमान सपाट उडत असतानाची रेषा काढली आणि डिजिटल लेव्हलनं ट्यूब त्या रेषेशी ताडून बघितली. ट्यूबचं नाक अर्धा डिग्री वर आहे. नुसत्या पिटोसाठी अर्धा डिग्री काहीच नाही, पिटोचं तोंड हवेशी पाच-सात डिग्री तिरकं झालं तरी दाब जवळजवळ तोच येतो, म्हणून तर विमान नाक वर करून चढत असतानाही वेग बरोबर दिसतो. पण अँगल ऑफ अटॅकच्या भोकाचं तसं नाही, ते भोक तिथे आहेच कोन मोजायला. अर्धा डिग्री कायमचा असेल तर पुढे उड्डाणात कॅलिब्रेशन करताना तो आपोआप धरला जाईल, त्यामुळे मास्टला हात लावला नाही.

ट्यूब स्वतःभोवती फिरलेली नको हे जास्त महत्त्वाचं वाटलं. सॉकेट गोल, ट्यूब गोल, व्यास १९ मिमी, अडवणारं काहीच नाही, त्यामुळे खालचं भोक नेमकं खाली यायला पाहिजे ते आपल्यालाच ठरवायचंय. ट्यूबच्या पुढच्या भागावर मास्किंग टेप गुंडाळून त्यावर भोकाच्या रेषेत पेन्सिलीनं खूण केली, मग जमिनीवर सपाट फळी, फळीवर गुण्या उभा, आणि गुण्याच्या कडेशी ती रेघ जुळवली. टेपवरच सॉकेटच्या तोंडाशी आडवी खूण पण केली, म्हणजे ट्यूब किती आत जायची तेही ठरलं. पाणी बाहेर पडायचं बारीक भोक मास्टखाली झाकलं जात नाही ना ते टॉर्च मारून बघितलं, मोकळं आहे. हे भोक लोक विसरतात. पावसात ट्यूबमध्ये शिरलेलं पाणी तिथूनच जातं.

११ जानेवारी, शनिवार (३ तास)

आज खऱ्या ट्यूबला हातच लावला नाही, पूर्ण दिवस सरावाचा.

स्क्रू आहेत ६-३२, म्हणजे ३.५ मिमी व्यास आणि इंचाला ३२ आटे, एका आट्याची चाल साधारण ०.८ मिमी. टॅप, म्हणजे भोकात आटे कापायचं हत्यार, त्यासाठी भोक २.७ मिमीचं. हा साईज टॅप तोडण्यासाठी बदनाम आहे आणि त्याला कारण आहे, आटे जाड आणि अंग बारीक. आटा जेवढा खोल कापायचा तेवढा जोर लागतो आणि जोर सोसायला टॅपच्या पोटात पोलाद उरतं ते फार थोडं. त्यात आमचं भोक आरपार नाही, ट्यूबच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की दिलेल्या पट्ट्यातच ड्रिल करायचं आणि ६ मिमीच्या पुढे जायचं नाही कारण पलीकडे हीटरची वायर आणि नळ्या आहेत. बंद भोकात टॅप तळाला टेकला आणि हातानं आणखी अर्धा फेरा दिला की संपलं.

त्याच जाडीचा अल्युमिनियमचा गोल तुकडा व्हाइसमध्ये धरून सुरुवात केली. तिसऱ्या भोकात टॅप तुटला. कट्ट करून आवाज आला आणि हातातला जोर एकदम नाहीसा झाला, तो क्षण ज्यानं अनुभवलाय त्यालाच कळेल. खरी ट्यूब असती तर काय झालं असतं हा विचार करून मी पाच मिनिटं बाहेर जाऊन उभा राहिलो.

मग आप्पांना बोलावलं. आप्पांनी आयुष्य मशीन शॉपमध्ये काढलंय. त्यांनी तुटलेला टॅप बघितला, तुकडा बघितला, आणि पहिला प्रश्न विचारला, "तेल कुठलं घातलंस?" मी घातलेलं साधं मशीन ऑइल. दुसरा प्रश्न, "सरळ बॉटमिंग टॅपनंच सुरुवात केलीस ना?" हो, तसंच केलं होतं.

त्यांनी दाखवलं ते लिहून ठेवतो. आधी टेपर टॅप, ज्याचं तोंड निमुळतं असतं, तो स्वतःहून सरळ शिरतो, पण बंद भोकात तो टोकानं लवकर टेकतो म्हणून दोन-तीन फेरे झाले की काढायचा. मग प्लग, मग शेवटी बॉटमिंग, जो तळापर्यंत आटे नेतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, मागे घेताना चुरा तुटल्याचं बोटांना जाणवतं. तसं जाणवलं नाही तर पुढे जायचं नाही, टॅप पूर्ण बाहेर काढून ब्रशनं साफ करायचा. अल्युमिनियमसाठी कटिंग फ्लुइड वेगळं घ्यायचं, नाहीतर चुरा टॅपच्या खाचेत चिकटून बसतो. आणि मोठा टी हँडल वापरायचा नाही. आप्पांनी टॅपला छोटा बोटांचा हँडल लावला आणि म्हणाले, "अरे, एवढ्याशा टॅपला एवढा दांडा कशाला? दांडा लांब असला की जोर किती लागतोय ते हाताला कळतच नाही."

त्यानंतर अकरा भोकं पाडली, एकही टॅप गेला नाही. ६ मिमी खोलीच्या भोकात साधारण ५ मिमी पूर्ण आटे मिळतात, म्हणजे सहा आटे, एवढ्या स्क्रूला पुरेसे आहेत. ड्रिलवर घट्ट बसणारा कॉलर लावून खोली बांधली आणि कॅलिपरच्या दांडीनं प्रत्येक भोक मोजलं, सगळी ५.८ ते ६ च्या मध्ये.

१२ जानेवारी, रविवार (अडीच तास)

पहिलं खरं भोक.

नुसतं मास्टच्या भोकातून २.७ चं ड्रिल घालून चालत नाही, कारण मास्टचं भोक ३.५ चं, ड्रिल त्यात हलतं आणि भोक मध्यावरून सरकतं. आणि स्क्रूचं डोकं उतरतं आहे, १०० डिग्रीचं. उतरतं डोकं स्वतःला काउंटरसिंकच्या मध्यावर ओढून घेतं, आटे मध्यावर नसतील तर एकतर डोकं एका बाजूनं वर राहतं किंवा ते ट्यूबलाच ओढतं. म्हणून पितळी नळीची एक बुश केली, बाहेरून ३.५ आतून २.७. तासभर गेला तिच्यावर. बुश मास्टच्या भोकात घातली, त्यातून ड्रिलचं टोक फिरवून फक्त खूण केली, ट्यूब बाहेर काढून खूण भिंगातून बघितली, मध्यावर वाटली, पुन्हा आत घालून बुशमधूनच पूर्ण भोक घेतलं. कॉलर टेकला. मग ट्यूब काढून व्हीब्लॉकमध्ये, म्हणजे व्ही खाचेच्या ठोकळ्यात, दोन्ही बाजूंना लाकडाचे मऊ तुकडे देऊन धरली आणि टॅपिंग केलं. त्याआधी ट्यूबची पुढची दोन्ही भोकं आणि मागच्या नळ्यांची तोंडं टेपनं बंद केली होती, चुऱ्याचा एक कण आत गेला तर तो कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही.

आटे छान आले. ट्यूब परत मास्टमध्ये, स्क्रू घातला, बोटानं आला तिथपर्यंत आणला आणि मग स्क्रूड्रायव्हरनं शेवटचा पाव फेरा.

आणि गुण्याशी लावलेली पेन्सिलीची रेघ सरकली.

फार नाही. पण दिसत होती. स्क्रू सैल केला की रेघ परत जागेवर, आवळला की सरकते. म्हणजे एवढं करूनही भोक मध्यावरून थोडं बाजूला गेलंय आणि उतरतं डोकं ट्यूबला ओढतंय. टेपवर मोजलं तर सरक ०.३ मिमीची. १९ मिमी व्यासाच्या ट्यूबवर, म्हणजे साडेनऊ मिमी त्रिज्येवर, ०.३ मिमी म्हणजे जवळजवळ १.८ डिग्री फिरणं. बुश आणि ड्रिल यांच्यामधली ढील हेच कारण असणार, बुश नवीन होती पण मी ड्रिल हातात धरून चालवलं, हात थोडा कलला असेल.

दोन रस्ते होते. मास्टचं काउंटरसिंक कानसून स्क्रूला जागा द्यायची, म्हणजे ट्यूब मूळ जागी राहील. किंवा १.८ डिग्री स्वीकारायचे. अर्धा तास विचार केला. काउंटरसिंक मोठं केलं की डोक्याची बैठक जाते, तो स्क्रू मग नुसता आट्यांवर लटकणार, हे मला पटत नाही. आणि ट्यूब आपल्या अक्षाभोवती १.८ डिग्री फिरली तर समोरच्या भोकाला त्याचा काही फरक नाही, ते मध्यावरच आहे. खालचं भोक थोडंसं बाजूला बघेल पण वरखालीचा जो कोन त्याला मोजायचाय त्यात फरक नगण्य पडतो. स्वीकारलं. बिल्ड बुकात आकडा लिहून ठेवला, कारण अजून दोन वर्षांनी हे उघडणाऱ्याला, बहुतेक मलाच, ट्यूब वाकडी का दिसते याचं उत्तर तिथे मिळायला पाहिजे.

उरलेल्या तीन भोकांसाठी नियम केला. पहिला स्क्रू पूर्ण आवळलेला असतानाच पुढची खूण करायची. स्क्रूनं ट्यूब जिथे नेलीय तीच आता तिची जागा, बाकीची भोकं त्या जागेला धरून. पत्र्याच्या कामात आपण एका भोकात क्लिको, म्हणजे पत्रे तात्पुरते धरणारी पिन, घालतो मग दुसरं भोक पाडतो, तेच.

१८ जानेवारी, शनिवार (साडेतीन तास)

उरलेली तीन भोकं झाली. ड्रिल यावेळी हातात नाही, छोट्या ड्रिल स्टँडला धरलं आणि पंखाखाली स्टँड लेव्हल करून ठेवला. सेटअपला दोन तास, प्रत्यक्ष तीन भोकांना पंधरा मिनिटं, हे प्रमाण मला आता योग्य वाटायला लागलंय. क्रम असा घेतला, पहिल्याच्या समोरचं, मग पहिल्याच्या शेजारचं, मग शेवटचं. प्रत्येक वेळी आधीचे सगळे स्क्रू घट्ट, खूण, ड्रिल, मग सगळे काढून ट्यूब बाहेर, टॅपिंग, साफसफाई, पुन्हा आत, पुन्हा सगळे स्क्रू, रेघ बघायची. रेघ एकदाही हलली नाही.

टॉर्च धरायला लेक आली होती. तिला भोकाच्या मागून उजेड मारायला सांगितला म्हणजे ड्रिलची सावली बघून ते सरळ आहे का कळतं. तिनं मध्येच विचारलं, "बाबा, हे भोक हवेसाठी आहे ना, मग पंखा फिरतो तसं आत काही फिरतं का?" छान प्रश्न आहे. आत काहीच फिरत नाही, हवा आत जाऊन थांबते, आणि थांबलेल्या हवेचा दाब मोजायचा. तिला हाताची ओंजळ करून गाडीच्या खिडकीबाहेर धरल्यावर काय वाटतं ते आठवायला सांगितलं, लगेच समजलं तिला.

चारही स्क्रूंची डोकी मास्टच्या अंगाबरोबर आली. नख फिरवलं तर पहिल्या स्क्रूच्या एका कडेला अगदी किंचित अडकतं, बाकी तिन्हीवर नाही.

हीटर तपासला, ड्रिल करण्याआधी आणि नंतर. आधी १.२ ओहम, नंतर १.२ ओहम. हीटरच्या वायरी आणि ट्यूबच्या अंगामध्ये मीटर पूर्ण ओपन दाखवतो, म्हणजे आत कुठे काही घासलं नाही. हा आकडा बघितल्यावर खांदे खाली आले माझे.

१९ जानेवारी, रविवार (४ तास)

नळ्यांचं काम, आणि हे वाटलं त्यापेक्षा किचकट निघालं. मास्ट पोकळ आहे पण आत जागा चिंचोळी, त्यातून पाव इंचाच्या दोन अल्युमिनियम नळ्या आणि दोन वायरी वर पंखात न्यायच्या, आणि ट्यूब घालताना-काढताना हे सगळं एकत्र सरकायला पाहिजे. स्क्रू काढून ट्यूब पुढे ओढली की पुढच्या जोडापर्यंत हात पोचला पाहिजे, नाहीतर पुढे कधी ट्यूब बदलायची वेळ आली तर पंखाचा पत्रा कापावा लागेल. म्हणून पंखाच्या आत, इन्स्पेक्शन झाकणाच्या बरोबर वर, जोड ठेवले आणि नळ्यांना थोडा जास्तीचा बाक दिला.

ट्यूबपासून पहिले ३० सेंटीमीटर अल्युमिनियमच, तिथून पुढे प्लास्टिकची नळी. हीटर चालू असताना ट्यूबची शेपटी आणि तिला जोडलेली नळी चांगलीच तापते, प्लास्टिक जवळ असलं तर मऊ पडून जोडातून सुटेल. नळ्यांची टोकं ३७ डिग्रीला फ्लेअर केली, म्हणजे कर्ण्यासारखी पसरवली, आधी नट, मग स्लीव्ह, मग फ्लेअर, हा क्रम एकदा चुकला आणि तुकडा कापून पुन्हा करावा लागला. कापल्यावर आतली बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कड, नीट काढायची आणि टोक पोलिश पेपरवर गुळगुळीत करायचं. फ्लेअरला चीर जाते ती इथूनच.

दोन्ही नळ्या दिसायला सारख्या. उलट्या जोडल्या तर एअरस्पीड येईल पण चुकीचा, आणि ते जमिनीवर कळणार नाही. म्हणून दोन्ही टोकांना, ट्यूबकडे आणि इन्स्ट्रुमेंटकडे, हीटश्रिंकचे रंगीत तुकडे चढवले, पिटोला निळा, दुसरीला पिवळा. मास्टच्या वरच्या कडेला जिथे नळ्या पत्र्याजवळून जातात तिथे नळ्या घासू नयेत म्हणून ग्रॉमेट बसवला. नळीला कुठेही पोट पडू दिलं नाही, सगळा उतार ट्यूबकडे, म्हणजे आत दव धरलं तरी पाणी एका खोलगट जागी साचून रस्ता बंद करणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार (३ तास)

लीक टेस्ट. मी याच दिवसाची वाट बघत होतो.

पारदर्शक नळीचा यू आकाराचा मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं साधन, फळीवर बांधला, रंगीत पाणी, बाजूला पट्टी. एका टोकाला सिरिंज आणि टी जोड, तिथून पिटोच्या तोंडावर घट्ट बसणारी सिलिकॉन नळी. पाणी जाणारं बारीक भोक टेपनं बंद. तोंडानं फुंकायचं नाही, कधीच नाही, फुंकरीचा दाब इन्स्ट्रुमेंटला सहज बिघडवू शकतो. सिरिंज हळूहळू दाबायची आणि सोडतानाही हळूच सोडायची.

आकडे सांगतो कारण त्यावरून हे काम इतकं नाजूक का आहे ते लक्षात येईल. १०० नॉट्सला (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी) समुद्रसपाटीच्या हवेत पिटोमध्ये जो दाब येतो तो फक्त १६६ मिमी पाण्याचा. ५० नॉट्सला तर जेमतेम ४१ मिमी, दोन पेराएवढं पाणी. वेग निम्मा झाला की दाब चौथाई होतो. म्हणजे विमान हळू असताना, उतरताना, वेग चुकला तर सगळ्यात महागात पडेल अशा वेळी, या नळीत सगळ्यात कमी दाब असतो. २ मिमी पाण्याची गळती १५० नॉट्सला अर्धा नॉटही दिसणार नाही, ५० नॉट्सला एक नॉटपेक्षा जास्त खाईल.

घरी विमान बांधणारे अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या ज्या एसी ४३.१३ पुस्तिकेचा आधार घेतात त्यात १५० नॉट्सइतका दाब देऊन बंद करायचा आणि एका मिनिटात १० नॉट्सपेक्षा जास्त घसरण नको असं आहे. पहिल्या प्रयत्नात १५० वरून मिनिटात ११२. पोटात गोळा आला.

शोधायची पद्धत एकच, एकेक जोड वेगळा करत जायचं. आधी इन्स्ट्रुमेंट काढून नळी तिथेच बंद केली, मॅनोमीटर तरीही घसरतोय. मग पंखातला जोड सोडून फक्त ट्यूब आणि अल्युमिनियमची नळी ठेवली, तरी घसरतोय. म्हणजे गळती पुढेच. टेपवर साबणाचं पाणी लावलं तर टेपच्या कडेतून बारीक फेस. टेप बदलला, यावेळी इलेक्ट्रिकल टेप ताणून दोन वेढे, तरी मिनिटाला बारा-तेरा नॉट्स जातच होते. मग ट्यूबच्या मागच्या फ्लेअरच्या नटला साबण लावला आणि तिथे एकच बुडबुडा हळूहळू मोठा होताना दिसला. नट सोडून भिंगातून बघितलं, फ्लेअरच्या ओठावर केसाएवढी चीर. १९ तारखेला मी जे टोक घाईनं उरकलं होतं तेच हे, आठवतंय मला. नळीला दिलेला जास्तीचा बाक आज कामाला आला, १५ मिमी कापून नवीन फ्लेअर करता आली.

पुन्हा टेस्ट. १५०. एक मिनिट. १४९. पाच मिनिटं थांबलो, १४७. अँगल ऑफ अटॅकची लाइन पण त्याच पद्धतीनं, तिथे मॅनोमीटर हललाच नाही.

दाब लावलेलाच होता तर स्केल पण ताडून बघितली. ६० मिमी पाण्याला इन्स्ट्रुमेंट ६० नॉट्स दाखवतं, हा योगायोग लक्षात ठेवायला सोपा आहे. १६६ ला १०१, २४० ला १२१. चालेल.

८ फेब्रुवारी, शनिवार (२ तास)

शेवटचं बसवणं. परवा, ६ तारखेला, डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पोर्तो प्लाताच्या बिर्गेनएअर विमान अपघाताला २९ वर्षं झाली. १९९६ मध्ये ते बोइंग ७५७ काही दिवस पिटो झाकण न लावता उभं होतं, कॅप्टनच्या बाजूची पिटो बंद झालेली होती, आणि तपास करणाऱ्यांनी सगळ्यात शक्य कारण धरलं ते कुंभारीण माशीचं, मातीचं घर करणाऱ्या माशीचं. १८९ माणसं गेली. २००९ मध्ये एअर फ्रान्स ४४७ ला बर्फाच्या कणांनी पिटो बंद झाल्या आणि तिथून सगळं बिघडत गेलं, २२८. आमचं दोन सीटचं छोटं विमान आहे, पण भोक तेवढंच आहे आणि माशीही तीच.

ट्यूब घालण्याआधी चारही भोकांचे आटे ब्रश आणि सॉल्व्हंटनं साफ केले, कटिंग फ्लुइडचा अंश राहिला तर थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, धरत नाही. स्क्रू स्टेनलेसचे, ट्यूबचं अंग अल्युमिनियमचं, दोन वेगळे धातू आणि वर पाऊस, म्हणजे गंजायला निमंत्रण. त्यावर अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावायचं की निळं थ्रेडलॉकर यावर बरंच डोकं चालवलं. निळं लावलं, प्रत्येकी एक थेंब. ते आट्यांमधली जागा भरतं त्यामुळे पाणी शिरत नाही, आणि हातातल्या स्क्रूड्रायव्हरनं पुन्हा निघतं. लाल लावायचं नाही, लाल काढायला उष्णता द्यावी लागते आणि आत हीटरची जोडणी आहे. स्क्रू समोरासमोर असे थोडे थोडे आवळले, एकदम एक नाही. डोक्यावरून मास्टपर्यंत पिवळ्या लॅकरची रेघ ओढली, स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसेल, दर उड्डाणाआधी फिरून बघताना एका नजरेत कळेल.

हीटर दहा सेकंद चालू केला, क्लॅम्प मीटरवर ९ अँपिअर, ट्यूबचं टोक लगेच गरम. जमिनीवर थंड हवा वाहत नसते म्हणून याहून जास्त वेळ चालू ठेवायचा नाही. मग लीक टेस्ट पुन्हा, कारण ट्यूब काढून घातली होती. १५० वरून १४९.

टेस्टची टेप काढली, बारीक भोकातून तारेचा तुकडा फिरवून टेपचा गोंद राहिला नाही ना ते बघितलं, मग मागची नळी सोडून उलट दिशेनं हलकी हवा मारली, दोन्ही भोकांतून बोटाला हवा लागली. नळी परत जोडली म्हणून टेस्ट तिसऱ्यांदा, १४९.

झाकण लेकीनं शिवलंय, जाड कापडाचं, त्याला हातभर लांब लाल फीत. अजून पंख स्टँडवरच आहे, उडायला कितीतरी वेळ आहे, तरी झाकण आजच चढवलं. पुढच्या शनिवारपासून एलेरॉनचे, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपांचे, पुशरॉड.